धुक्यात ट्रॉलीवर आदळलेली गाडी: चूक कुणाची, भरपाई कुणाची?

जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी ते कोल्हारच्या दरम्यान शिर्डीकडे निघालेली एक कार उसाच्या डबल ट्रॉलीला मागून धडकते. ट्रॉलीचा टायर फुटलेला, म्हणून ती रस्त्याच्या डाव्या कडेला अर्धी डांबरावर, अर्धी साइडपट्टीवर उभी. मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, वरून उसाचं वाढं लोंबतंय. आणि या सगळ्यावर पांढरंशुभ्र धुकं.

प्रसंग काल्पनिक आहे, पण गळीत हंगामात असा अपघात पाहिला किंवा ऐकला नाही असा माणूस नगर जिल्ह्यात सापडणं कठीण. गर्दी जमली की निकालही जागेवरच लागतो. एक जण म्हणतो, ‘मागून धडकणाऱ्याचीच चूक, सरळ आहे.’ दुसरा म्हणतो, ‘ट्रॉलीला लाइट नको का?’ तिसरा दोघांनाही सोडवतो: ‘धुकंच एवढं होतं, कुणाला काय बोलणार!’ तिघांचंही म्हणणं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर रोज मांडलं जातं. टिकत नाही ते तिसऱ्याचं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

धुक्यावर खापर का फुटत नाही

हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन हवेतच तरंगत राहतात. वारा पडलेला असला की ते जागचे हलत नाहीत. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठची कालव्यांची, उसाची ओली जमीन बाष्प पुरवायला बसलेलीच असते. म्हणून पारनेरच्या माळावर लख्ख दिसत असताना राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात समोरचं दिसत नाही, असं होऊ शकतं. हवामानशास्त्राच्या हिशोबात दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली गेली की ते धुकं. वाहनचालकाच्या छातीत धडकी भरते ती 100 मीटरच्या खाली.

कायद्याच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट एकच: हे आधी कळतं. धुकं गाडीवर दरड कोसळावी तसं अचानक येत नाही. ते समोर दिसतं, त्यात शिरायचं की थांबायचं हे चालक ठरवतो. टाळता न येणारी दैवी आपत्ती हा बचाव जे कुणाला अपेक्षितच नव्हतं आणि कितीही काळजी घेऊन टळलं नसतं, अशा घटनेसाठी आहे. त्यामुळे ‘काहीच दिसत नव्हतं’ असं पोलिसांना सांगणारा चालक स्वतःच्याच विरुद्ध पुरावा देत असतो. पुढचा प्रश्न लगेच येतो: दिसत नव्हतं, तर गाडी एवढ्या वेगात कशी?

हा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी 60 किलोमीटर वेगानं तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या ब्रेकला, कोरड्या डांबरावर, आणखी सुमारे 23 मीटर लागतात. म्हणजे एकूण जवळपास 50 मीटर. वेग 80 असेल तर हाच आकडा 75 मीटरच्या आसपास जातो, 40 असेल तर 27 वर येतो. दिसतंय 50 मीटर आणि काटा 80 वर, तर समोर काय आहे याच्याशी संबंध न ठेवता चालक आधीच हरलेला आहे. शिवाय हंगामात रस्ता कोरडा क्वचितच असतो. वर दव आणि खाली ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल, असा थर असतो. त्यावर थांबायचं अंतर वाढतं. आणि अप्पर लाइट लावून उपयोग होत नाही, कारण त्याचा उजेड थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

‘मागचा तोच चुकीचा’ हा नियम अर्धाच

आता पहिल्या माणसाचं म्हणणं. पुढच्या वाहनानं अचानक ब्रेक लावला तरी थांबता यावं एवढं अंतर मागच्यानं ठेवलं पाहिजे, हा वाहतुकीचा लेखी नियम आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असं एक प्रकरण आलं. ट्रकच्या मागे 10-15 फुटांवरून कार चालली होती, ट्रकनं अचानक ब्रेक लावला आणि कार आदळली. न्यायालयानं कारचालकालाच निष्काळजी ठरवलं. एवढ्या जवळून चालणाऱ्याला सुरक्षित अंतर ठेवलं होतं असं म्हणता येणार नाही, हे त्यामागचं कारण.

पण त्याच वर्षी, त्याच न्यायालयानं, मागून धडकलेल्या दुसऱ्या एका कारच्या बाजूनं निकाल दिला. तिथं गॅसचा टँकर रात्री रस्त्याच्या मधोमध उभा होता. पार्किंग लाइट नाही, इशारा नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोतानं कारचालकाचे डोळे दिपले आणि गाडी टँकरवर गेली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं चूक निम्मी-निम्मी वाटली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती वाटणी रद्द करून सगळा दोष टँकरवर ठेवला. 2024 मध्ये कर्नाटकातून आलेल्या प्रकरणात हेच पुन्हा झालं: महामार्गावर इशाऱ्याविना सोडून दिलेला ट्रक, मागून आदळलेली कार, खालच्या न्यायालयांनी कारचालकावर टाकलेला निम्मा दोष आणि तो पुसून टाकणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

दोन्ही प्रकारांत धडक मागूनच आहे. फरक पुढच्या वाहनात आहे. ते चालत होतं की उभं होतं, आणि उभं होतं तर ते दिसावं म्हणून कुणी काही केलं होतं का, यावर निकाल फिरतो. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 122 वाहन रस्त्यावर धोकादायक स्थितीत सोडायला मनाई करतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिवे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं लागले पाहिजेतच, पण त्याखेरीज ‘पुरेसा उजेड नसेल’ अशा कोणत्याही वेळी लागले पाहिजेत. नगरकडे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. धुकं असेल तर आठ वाजतासुद्धा ‘उजाडलं होतं’ म्हणून ट्रॉलीमालकाची सुटका होत नाही.

माझ्या मते या जिल्ह्यातल्या हिवाळी अपघातांची खरी गोम इथेच आहे. हंगाम सुरू होताना परिवहन विभाग, पोलिस आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम घेतात, फोटो छापून येतात. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा झोत त्याच्यावर पडून परत यावा लागतो आणि दाट धुक्यात तो झोत जाताना व येताना असा दोनदा खर्ची पडतो. ट्रॉलीच्या मागे बॅटरीवर चालणारा लाल लुकलुकता दिवा हवा. त्याची किंमत उसाच्या एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही.

चुकीची टक्केवारी

मग आपल्या कथेत काय होईल? वेग, दिवे, ट्रॉली किती डांबरावर होती, उभी होऊन किती वेळ झाला होता, मागे दगड-फांद्या तरी ठेवल्या होत्या का, हे पाहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोष टक्क्यांत वाटू शकतं. समजा ट्रॉली 70, कार 30. इथं दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिच्यामुळे कुटुंबांचं मोठं नुकसान होतं.

कारचालक स्वतः जखमी झाला असेल तर त्याच्या भरपाईतून त्याचे 30 टक्के वजा होतील. दहा लाखांचे सात लाख. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात, म्हणजे आपल्या नुकसानीत आपलाच वाटा. पण त्याच्या शेजारी बसलेल्या आईचं काय? तिनं गाडी चालवली नव्हती. तिच्या दृष्टीनं मुलगा आणि ट्रॉलीचालक या दोघांनी मिळून तिला इजा केली. तिची भरपाई कापली जात नाही आणि ती पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे. दोघांनी सामाईक कर्ज काढलं तर पतसंस्था ज्याच्याकडून वसुली होईल त्याच्याकडून सगळं कर्ज वसूल करते आणि तुमचा आपसातला हिशोब तुम्ही बघा म्हणते, तसंच हे. चालकाची चूक प्रवाशाच्या माथी मारता येत नाही, हे 2024 च्या निकालातही पुन्हा सांगितलं गेलं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा हिशोब सौम्य वाटेल. बर्फावर गाड्या घसरणं तिकडे दर हिवाळ्याचं. तिथं उपचाराचा खर्च चूक कुणाचीही असली तरी आधी आपलीच विमा कंपनी देते. मात्र पुढे नुकसानभरपाईचा दावा लावला आणि आपला दोष निम्म्याहून जास्त निघाला, तर हाती काहीच पडत नाही. आपल्याकडे अशी रेघ नाही. 80 टक्के दोष असलेल्यालाही उरलेल्या 20 टक्क्यांचा हक्क सांगता येतो.

पोलिसांनी कारचालकावर गुन्हा नोंदवला म्हणजे भरपाईचा मामला संपला, असंही नाही. फौजदारी खटल्यात दोष निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरण मात्र कुठली गोष्ट घडल्याची शक्यता अधिक आहे, एवढंच तोलतं.

विम्याचे दोन खिसे

‘विमा आहे ना?’ हा प्रश्न अपुरा आहे. एकाच पॉलिसीत दोन वेगळे खिसे असतात. पहिला, सक्तीचा, दुसऱ्यांसाठी: आपल्या गाडीनं इतरांचं जे नुकसान केलं त्याची भरपाई. हा खिसा उघडण्यासाठी साधारणपणे आपली चूक ठरावी लागते. मृत्यू व दुखापतीसाठी त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. इतरांच्या मालमत्तेसाठी खासगी कारच्या पॉलिसीत ती 7.5 लाख रुपये असते. दुसरा खिसा ऐच्छिक, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तिथं चूक कुणाची हा प्रश्नच नसतो. धुक्यात तुम्ही स्वतःहून कठड्यावर गाडी घातलीत तरी कंपनी दुरुस्तीचा खर्च देते. अट एवढीच की परवाना वैध हवा आणि चालक प्यायलेला नसावा. गंमत म्हणजे पूर, वादळ, गारपीट यांच्या जोडीला भारतातल्या या पॉलिसीत हिमतुषाराचाही उल्लेख असतो.

म्हणून आपल्या कारच्या चेमटलेल्या बॉनेटसाठी ट्रॉलीमालकाशी रस्त्यात भांडण्यात अर्थ नाही. त्याच्या विमा कंपनीकडून तो पैसा काढायचा तर न्यायाधिकरणात दावा लावावा लागतो. बहुतेक लोक आपल्याच कंपनीकडे जातात आणि ते शहाणपणाचं असतं. मात्र पूर्ण बिल मिळेल ही आशा नको. प्लास्टिक व रबराच्या भागांवर निम्मी घसारा-कपात होते. धातूच्या भागांवर ती वयानुसार वाढते: दुसऱ्या वर्षात 10 टक्के, पाचव्या वर्षात 35 टक्के. काचेला कपात नाही. वर 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये आणि त्याहून मोठीला 2000 रुपये स्वतः भरायचे. पाच वर्षं दावा न केल्यानं 50 टक्क्यांवर गेलेली बोनस सवलत एका दाव्यानं शून्यावर येते. बंपरच्या किरकोळ कामासाठी दावा करण्याआधी हा हिशोब कागदावर मांडावा.

पहिल्या खिशात एक भोकही आहे. फक्त सक्तीचा विमा असलेल्या खासगी कारमधले प्रवासी त्या कारच्या विम्यात धरले जात नाहीत, सर्वसमावेशक पॉलिसीत धरले जातात. आपल्या कथेतली आई मुलाच्या विमा कंपनीकडे जाऊ शकेल की नाही, हे मुलानं हप्त्यात वाचवलेल्या काही हजारांवर ठरतं. गाडी चालवणारा मालक तर स्वतःच्या कंपनीच्या लेखी ‘दुसरा’ कधीच नसतो. त्याच्यासाठी 15 लाखांचं वेगळं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं.

चौकट: पहिल्या तासात

जखमींना हलवणं आधी. मदत करणाऱ्याला चौकशीत अडकवता येत नाही, कलम 134-अ त्याला संरक्षण देतं. 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. त्यासाठी 112 वर कळवलेलं बरं.

मग फोटो. धुकं विरण्याआधी आणि ट्रॉली हलवण्याआधी. ट्रॉलीचा मागचा भाग, दिवा आहे का, लागतोय का, चाकं डांबरावर किती, ब्रेकच्या खुणा. ट्रॅक्टरचा नंबर वेगळा आणि दोन्ही ट्रॉल्यांचे वेगळे टिपावेत. ऊस कुठल्या कारखान्याचा हे विचारावं. वजनकाट्याच्या नोंदीत वाहन आणि वेळ सापडते.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात ‘दिवे नव्हते’ आणि ‘धुकं होतं, अंदाजे इतक्या अंतरापर्यंत दिसत होतं’ हे दोन्ही लिहिलं गेलं आहे का, ते वाचून पाहावं. 2022 पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. आपल्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावं. सर्व्हेअर येण्याआधी गॅरेजवाल्याला पाना लावू देऊ नये.

ट्रॅक्टरचा विमा कशासाठी होता?

आता ट्रॉलीकडे वळू. तिथं प्रकरण सर्वाधिक गुंततं. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो. दुसऱ्याचा ऊस भाड्यानं कारखान्यावर नेणं हे शेतीकाम की व्यावसायिक वाहतूक, यावर विमा कंपनी वाद घालते. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. तो नसला तर आणखी एक वाद. ट्रॅक्टरवरच्या पोराकडे परवाना नसला तर तिसरा.

या वादांत जखमीचं कुटुंब भरडलं जाऊ नये म्हणून न्यायालयांनी एक वाट काढली आहे. कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग अटी मोडल्याबद्दल ते मालकाकडून वसूल करायचे. ‘विमा आहे, आपल्याला काय’ म्हणणाऱ्या ट्रॉलीमालकाला काही वर्षांनी वसुलीची नोटीस येते ती अशी. उसाच्या मोळ्यांवर बसून फडातून निघालेल्या ऊसतोड मजुरांची अवस्था त्याहून वाईट. ट्रॉली ही माणसं नेण्यासाठी नसल्यामुळे त्यांचा विम्यात समावेश होत नाही. 2007 मध्ये वीटभट्टीच्या कामावरच्या, ट्रॉलीवरून जाताना जखमी झालेल्या एका मजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनी जबाबदार नसल्याचं मान्य केलं. तरीही आपल्या विशेष अधिकारात तिला आधी पैसे द्यायला लावलं. प्रत्येक मजुराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येत नाही.

चूक सिद्ध करायची ताकदच नसेल तर कलम 164 आहे. त्यात मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख रुपये मिळतात, कुणाचाही दोष दाखवावा लागत नाही. ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा मात्र संपतो. कमावत्या माणसाचा मृत्यू असेल तर सही करण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. आणि ट्रॉली धुक्यात निघून गेली, नंबरच मिळाला नाही, तर कलम 161 खाली तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो: मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार.

नेहमीचा दावा, म्हणजे कलम 166 चा, अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. मुंबईहून शिर्डीला आलेल्या कुटुंबाला त्यासाठी नगरला खेटे घालावे लागत नाहीत. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावरचं अपील या जिल्ह्यापुरतं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातं.

आणि बैलगाडी

शेवटचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत क्वचित येतो, पण संगमनेर-श्रीरामपूर भागात रोज रस्त्यावर असतो. पुढे ट्रॉलीऐवजी उसाची टायरगाडी असेल तर? बैलगाडी हे मोटार वाहन नाही. तिला नोंदणी नाही, विमा नाही, बॅटरी नाही. गाडीवान पहाटे तीनला फडातून निघालेला असतो आणि कंदील असलाच तर जुवाजवळ, पुढे लटकलेला. कार तिला मागून धडकली तर गाडीवान आणि त्याचं कुटुंब न्यायाधिकरणात जाऊ शकतं, कारण अपघातात एक मोटार वाहन आहे. कारच्या पहिल्या खिशातून त्यांना भरपाई मिळेल. बैलही मालमत्ता म्हणून धरले जातील. उलट दिशेनं मात्र वाट नाही. गाडीवानाची चूक कितीही ठरली तरी कारवाल्याला पैसे देणारी कंपनी त्याच्या मागे उभी नसते. बुडालेल्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात त्याच्यावर दावा लावता येतो, पण मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या माणसाकडून वसूल काय करणार? कारची दुरुस्ती तेव्हा आपल्याच दुसऱ्या खिशातून होते, आणि तो खिसा शिवलाच नसेल तर पदरच्या पैशातून.